घंटेपर्यंतचे सुख

तप या शब्दातच उन्हाळा आहे. संस्कृतातला 'तप्' हा धातू मुळात तापण्याचा, आणि त्यावरूनच पुढे तपश्चर्या, तपस्वी, तपोवन हा सगळा गोतावळा जन्माला आला. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला सांगितले आहे की त्याने ग्रीष्मात पंचाग्नी साधावा, पावसाळ्यात उघड्यावर बसावे आणि थंडीत ओली वस्त्रे अंगावर ठेवावीत. चार दिशांना चार अग्नी आणि डोक्यावर पाचवा सूर्य. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात कोवळ्या पार्वतीला या अग्नींमध्ये बसवले आणि आपण रसिक त्या वर्णनाला पिढ्यान्‌पिढ्या मान डोलावत आलो. उन्हाळा हा साधकाच्या परीक्षेचा ऋतू, ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की वैशाखात एखादा संन्यासी सावलीला बसून आंब्याची कोय मनापासून चोखताना दिसला, तर आपल्याला पहिली शंका येते ती त्याच्या संन्यासाची.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवू. सहाव्या शतकात इटलीतल्या एका मठाधिपतीने आपल्या शिष्यांसाठी नियम लिहिले. त्यात उन्हाळ्याविषयी काय आहे? ऊन फार असेल तर ठरलेले उपवास करू नयेत, जेवण दुपारीच घ्यावे. पेय थोडे वाढवून द्यावे. जेवणानंतर सर्वांनी आपापल्या बिछान्यावर शांतपणे आडवे व्हावे. कपडे पातळ किंवा झिजलेले वापरावेत. रात्र लहान असते म्हणून पहाटेच्या प्रार्थनेतील वाचनही आखूड करावे. ज्याने घर सोडले, नाव सोडले, लग्न सोडले, स्वतःच्या मालकीची लेखणीसुद्धा सोडली, त्याला दुपारची झोप मात्र नियमाने मिळावी! हा संन्यास म्हणायचा की संन्यासाची सोय?

प्रश्न वाटतो तितका परका नाही. सुखाचा आणि चांगुलपणाचा संबंध काय, हाच तो प्रश्न आहे. ज्याला चांगले व्हायचे आहे त्याने सुखाशी वैर धरावे, त्याच्याकडे पाठ फिरवावी, की त्याला घरात घेऊन त्याची जागा नेमून द्यावी?

तो मठाधिपती म्हणजे संत बेनेडिक्ट. इ. स. ४८० च्या सुमारास नुर्सिया या गावी जन्म, शिक्षणासाठी रोम, आणि तिथल्या वातावरणाला विटून सुबियाको येथील डोंगरातल्या एका गुहेत तीन वर्षे एकान्तवास. म्हणजे कठोर तप काय असते हे या माणसाला ऐकून माहीत नव्हते, त्याने ते केले होते. ५२९ च्या सुमारास त्याने रोम आणि नेपल्स यांच्या मधल्या मोन्ते कसिनो या डोंगरावर मठ उभारला आणि तिथेच ५४७ च्या आसपास देह ठेवला. हा मठ पुढे लोंबार्डांनी मोडला, सारासेनांनी जाळला, १३४९ च्या भूकंपाने पाडला आणि १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बाँब टाकून जमीनदोस्त केला. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला. इटलीच्या त्या मोहिमेत मराठा पलटणी होत्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो त्याच देशात. बेळगावच्या छावणीच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो मुलूख म्हणूनच अगदी अनोळखी वाटत नाही.

बेनेडिक्टचा 'नियम' हा एक प्रस्तावना आणि त्र्याहत्तर छोटी प्रकरणे एवढाच ग्रंथ आहे. एका बैठकीत वाचून होतो. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि घरसंसार जास्त आहे: कोणी कधी उठायचे, भांडी कोणी घासायची, उशिरा येणाऱ्याला कुठे उभे करायचे, पाहुण्याला कसे वागवायचे, म्हाताऱ्यांना आणि मुलांना नेमल्या वेळेच्या आधी खायला कसे द्यायचे. शेवटी लेखक म्हणतो की हा नवशिक्यांसाठी केलेला छोटासा नियम आहे. आणि सुरुवातीलाच त्याने आशा व्यक्त केली आहे की यात काही फार कठोर, काही फार जड असे आपण घालणार नाही. पंचाग्नीच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला इथेच ठेच लागते.

पण उन्हाळ्याच्या व्यवस्थेकडे जरा बारकाईने पाहिले की त्यामागचा हिशेब दिसू लागतो. त्या काळचे तास घड्याळाचे नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करायचे, रात्रीचेही बारा. कसिनोच्या अक्षांशावर जूनमधला दिवस सुमारे पंधरा तासांचा असतो. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचा एक 'तास' आजच्या पंचाहत्तर मिनिटांचा आणि रात्रीचा एक 'तास' जेमतेम पंचेचाळीस मिनिटांचा. काम लांबते, झोप आक्रसते. अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात ईस्टरपासून एक ऑक्टोबरपर्यंतची दिनचर्या दिली आहे ती हे जाणून: सकाळच्या प्रार्थनेनंतर चौथ्या तासापर्यंत अंगमेहनत, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत वाचन, मग जेवण, मग झोप. ज्याला वाचायचे असेल त्याने खुशाल वाचावे, पण शेजाऱ्याची झोपमोड होणार नाही अशा बेताने. (त्या काळी लोक ओठ हलवत, आवाज करत वाचीत.) नंतरची प्रार्थना थोडी अलीकडे ओढून पुन्हा संध्याकाळपर्यंत काम. दुपारच्या त्या झोपेने रात्रीची उधारी फेडली जाते, एवढेच.

गोव्यातल्या वाचकांना ही दुपार समजावून सांगायला नको. 'सिएस्ता' हा शब्द लॅटिनमधल्या 'सहाव्या तासा'वरूनच आला आहे, पोर्तुगीजांच्या 'सेस्ता'चे मूळही तेच. दुपारी एक ते चार बंद असलेल्या दुकानासमोर उभे राहून चरफडणाऱ्या बाहेरच्या गिऱ्हाइकाला हे कोणी तरी सांगायला हवे. दुसरी गंमत 'नून' या इंग्रजी शब्दाची. तो 'नोना'पासून, म्हणजे नवव्या तासापासून आला, आणि नववा तास म्हणजे दुपारचे तीन. उपवासाच्या दिवशी मठात जेवण नवव्या तासाच्या प्रार्थनेनंतर असे. शतकानुशतके भुकेले साधू ती प्रार्थना थोडी थोडी अलीकडे ओढत गेले आणि शेवटी 'नून' बारा वाजता येऊन बसला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. भूक घड्याळालाही वाकवते.

जेवणाचे प्रकरण एकोणचाळिसावे. रोज दोन शिजवलेले पदार्थ असावेत. दोन का? तर ज्याला एक चालत नसेल त्याने दुसऱ्यावर जेवावे. फळे किंवा ताजी कोवळी भाजी मिळाली तर तिसरा पदार्थ. माणशी सढळ एक पौंड पाव. काम जड असेल तर मठाधिपतीने वाढवावे. चार पायांच्या जनावरांचे मांस आजाऱ्याखेरीज कोणी खाऊ नये. त्या 'मिळाली तर' या शब्दांत सगळा उन्हाळा आहे. इटलीच्या डोंगरावर फळे आणि कोवळ्या शेंगा कधी मिळणार? वर्षभर दोन पदार्थांवर जेवणाऱ्यांच्या ताटात जूनमध्ये अचानक एक तिसरी गोष्ट येते, तीही मळ्यातून आत्ताच तोडलेली. बारा महिने पाच पदार्थ जेवणाऱ्याला हे सुख समजणे कठीण आहे.

चाळिसाव्या प्रकरणात द्राक्षाच्या मद्याचा विषय येतो आणि तिथे बेनेडिक्ट जवळजवळ खांदे उडवतो. मद्य हे साधूंचे पेय नव्हेच असे आपण वाचतो, तो म्हणतो, पण आजच्या साधूंना हे पटवता येत नाही, तर निदान पोटभर न पिण्यावर तरी एकमत करू या. दिवसाला एक 'हेमिना'. ते माप म्हणजे पाव लिटर की अर्धा, यावर विद्वान अजून भांडतात. काम, जागा किंवा उन्हाळ्याची काहिली यामुळे जास्त लागले तर वरिष्ठाने ठरवावे. ज्यांना अजिबात न घेण्याचे बळ आहे त्यांना त्यांचे फळ मिळेलच. आणि ज्या मठात एवढेही मिळत नसेल, मुळीच मिळत नसेल, तिथल्यांनी देवाचे आभार मानावेत आणि कुरकूर करू नये.

कुरकूर. हा शब्द या ग्रंथाची किल्ली आहे असे मला वाटते. लॅटिनमध्ये 'मुर्मुरात्सिओ'. दोन्ही भाषांनी तो आवाज जिभेने पकडला आहे, दाताआड चाललेली, कोणाला धड ऐकू न जाणारी आणि सगळ्यांना ऐकू जाणारी ती पुटपूट. बेनेडिक्टला मद्याचे भय वाटत नाही तेवढे कुरकुरीचे वाटते. उपवासाच्या वेळा ठरवतानाही तो सांगतो की मठाधिपतीने सारे असे जुळवावे की आत्म्यांचे कल्याण व्हावे आणि बंधूंना आपले काम करताना कुरकुरीला रास्त कारण उरू नये. 'रास्त' या विशेषणाकडे लक्ष द्यावे. कुरकूर करणारा दोषी आहेच, पण तिला कारण पुरवणारा अधिकारीही सुटत नाही.

हे सगळ्यात ठळक दिसते ते पस्तिसाव्या प्रकरणात. मठात स्वयंपाक आणि वाढप आठवड्याच्या पाळीने सर्वांनी करायचे. पंगत बसण्याच्या तासभर आधी वाढप्यांना त्यांच्या वाट्याखेरीज जास्तीचा पाव आणि एक पेला पेय द्यावे, म्हणजे जेवणाच्या वेळी ते कुरकूर न करता, फार त्रास न होता बंधूंची सेवा करतील. हे वाचताना मला आपल्या माजघरांची आठवण होते. चुलीपाशी सकाळपासून उभी असलेली बाई आपल्याकडे सगळ्यांत शेवटी जेवते. आमरसाच्या दिवशी पातेले खरवडून उरेल ते तिचे. हे तिचे समर्पण, हा तिचा संस्कार, अशी आपण त्याची पूजा बांधली आहे. त्या पूजेत सोय कोणाची आहे हे विचारायचे नाही. जो त्याग दुसऱ्याने आपल्यासाठी परस्पर ठरवून टाकला, त्याला त्याग म्हणण्यात एक लबाडी आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका ब्रह्मचारी पुरुषाला हे कळले की भुकेल्या पोटी वाढणाऱ्याला प्रसन्न राहा असे सांगणे अन्याय आहे. पंगतीची थोरवी सांगणाऱ्या आपल्या कितीशा ग्रंथांत वाढप्याच्या भुकेचा विचार आहे?

स्वतः केलेल्या त्यागाची गोष्ट वेगळी. काशीहून परतताना एखादे आवडते फळ सोडण्याची रीत आपल्याकडे आहे. माझ्या आजीने आंबा सोडला होता. उन्हाळ्यात पाट्यांनी आंबे घरात यायचे, ती बोटांनी दाबून पिकलेले कोणते ते अचूक सांगायची, रस काढायची, मुलांच्या पुढ्यात वाट्या सरकवायची, आणि तिच्या तोंडावर कधी उणेपणा दिसला नाही. तिच्या बरोबर काशीला गेलेल्या एका बाईंनी पडवळ सोडले होते, जे त्यांना आधीपासूनच आवडत नव्हते. त्या मात्र दर श्रावणात चारचौघांत त्याचा उल्लेख करीत. बेनेडिक्टने एकोणपन्नासाव्या प्रकरणात या दोघींनाही ओळखले आहे. ईस्टरआधीच्या उपासकालात प्रत्येकाने खाण्यापिण्यातले, झोपेतले, बोलण्यातले काही आपखुशीने आणि आनंदाने सोडावे, पण काय सोडणार ते आधी वरिष्ठाला सांगावे, कारण गुपचूप केलेल्या त्यागाची हटकून बढाई होते.

आता उलट बाजू. हा सगळा समंजसपणा उतरणीवरचा आहे आणि बेनेडिक्टचे वारस त्या उतरणीवरून पुरेसे घसरलेले आहेत. अकराव्या-बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे वैभव राजवाड्यांच्या तोडीचे होते. १०९८ मध्ये काही जण बाहेर पडून सितो येथे मूळच्या कडक नियमाकडे परतले. त्या पंथातला क्लेर्वोचा बर्नार्ड याने ११२५ च्या सुमारास एक तिखट पत्रग्रंथ लिहिला. त्यात त्याने मांस वर्ज्य करणाऱ्या मठांत अंड्यांचेच किती नखरे चालतात, ती फेटतात काय, तळतात काय, भरतात काय, याची यथेच्छ टर उडवली आहे. नियम पाळूनही जिभेचे चोचले पुरवता येतात, हे आपल्या एकादशीच्या फराळाला वेगळे सांगायला नको.

शिवाय बेनेडिक्ट स्वतःही सुखाचा पुरस्कर्ता नव्हे. चौथ्या प्रकरणात सत्कर्मांची जी लांबलचक यादी आहे तिच्यात सुखोपभोगाला कवटाळू नये, उपवासावर प्रेम करावे, असे स्पष्ट आहे. सहाव्यात थट्टामस्करीला कायमचा दरवाजा बंद केला आहे. मोठ्याने हसणेही त्याला पसंत नाही. इथे मला त्याच्याशी जमत नाही हे सांगून टाकतो. हास्याला भिणारा माणूस दुपारच्या झोपेला भीत नाही, ही विसंगती आहे. पण 'कवटाळू नये' हे क्रियापद मात्र नेमके आहे. त्याने सुख नाकारा असे म्हटलेले नाही. हात मोकळे ठेवा, असे म्हटले आहे.

हात मोकळे ठेवणे म्हणजे काय ते त्रेचाळिसाव्या प्रकरणात कळते. प्रार्थनेचा संकेत झाला की हातात जे असेल ते तिथेच टाकून निघायचे. अक्षर अर्धे लिहिलेले असो की वाफा अर्धा खणलेला असो. मठाच्या जीवनात घंटा हीच खरी मठाधिपती. ती कामाला जशी तोडते तशी सुखालाही. पुस्तक रंगात आले आहे, तळ्याचे पाणी ऐन गार आहे, ओसरीवर गप्पा जमल्या आहेत, आणि घंटा वाजते. उठायचे. सुख निर्दोष आहे की नाही याची याहून साधी कसोटी मला माहीत नाही: घंटा झाल्यावर त्यातून कुरकूर न करता उठता येते का?

आपल्या सुट्टीच्या सुखाला ही कसोटी लावून पाहावी. आपण सुख विकत घेतो, म्हणून ते वसूल करावे लागते. थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवस जायचे तर सगळे 'पॉइंट' पाहून झाले पाहिजेत, न्याहारी भाड्यात धरलेली असेल तर भूक नसतानाही खाल्ली पाहिजे. परतताना माणूस थकलेला आणि किंचित फसवल्यासारखा दिसतो. मठातल्या माणसाच्या खिशात पैसा नाही, त्याने काही विकत घेतलेले नाही, म्हणून वसूलही काही करायचे नाही. फळे आली तर आली.

हे आजही कसे चालते याचे एक उदाहरण अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहे. १८५६ साली तिथे आलेल्या बेनेडिक्टाइन साधूंचा सेंट जॉन्स हा मठ मोठ्या रानात, सागाटागन नावाच्या तळ्याकाठी आहे. साधू विद्यापीठ चालवतात, शिकवतात. हिवाळ्यात तळे गोठून दगड होते. मग उन्हाळा येतो, वर्ग रिकामे होतात, आणि वर्षभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना त्याच तळ्यात पोहता येते, पलीकडच्या काठावरच्या छोट्या देवळापर्यंत रानातून चालत जाता येते. प्रार्थनेच्या वेळा मात्र उन्हाळ्यातही सुटत नाहीत.

पण मला जास्त ओढ वाटते ती इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या बकफास्ट मठाची. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत तो बंद पडला. १८८२ मध्ये फ्रान्समधून हद्दपार झालेले साधू तिथे आले आणि १९०७ ते १९३८ या काळात, एका वेळी बहुधा चार-सहाच जण कामाला असताना, त्यांनी आपल्या हातांनी मठाचे मोठे देऊळ पुन्हा उभे केले. १९१० मध्ये कार्ल केर्ले नावाचा अकरा वर्षांचा एक जर्मन मुलगा तिथे दाखल झाला. दगडकाम त्याच्या तब्येतीला झेपेना म्हणून १९१५ मध्ये त्याला मधमाश्यांकडे पाठवण्यात आले. पुढे तोच ब्रदर ॲडम म्हणून जगभरच्या मधपाळांना माहीत झाला.

त्याच वेळी इंग्लंडातल्या मधमाश्यांवर एक रोग आला आणि मठाच्या सेहेचाळीस वसाहतींपैकी तीस मेल्या. ज्या सोळा वाचल्या त्यांच्यात इटालियन वंशाचे रक्त होते, हे त्या पोराने हेरले. त्या निरीक्षणातून पुढची सत्तर वर्षे निघाली. युरोप, तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका, अगदी किलिमांजारोपर्यंत हिंडून त्याने राणीमाश्या आणल्या, डार्टमूरच्या माळावर एकाकी जागा पाहून संकराचे केंद्र थाटले आणि 'बकफास्ट' नावाची शांत, निरोगी, कष्टाळू मधमाशी तयार केली. १९९२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी, त्याने ते काम सोडले आणि १९९६ मध्ये तो वारला.

दर ऑगस्टमध्ये पोळ्यांच्या पेट्या डार्टमूरच्या माळावर नेत. तिथे त्या महिन्यात हेदरची जांभळी फुले मैलोगणती फुललेली असतात. तिचा मध इतका दाट, खळीसारखा असतो की यंत्रात फिरवून निघत नाही, पोळी दाबून काढावा लागतो. मधमाश्यांची जात सुधारणे ही ईश्वरसेवा की छंद? मधाचा वास घेत उन्हाळ्याची संध्याकाळ माळावर घालवणे हे काम की सुख? मला वाटते मठाने या प्रश्नांची धारच काढून घेतली होती. ज्या माणसाचे पोळे नाही, मध नाही, नफा नाही आणि मुलेबाळेही नाहीत, त्याला काम आणि सुख वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवण्याचे कारण उरत नाही. बेनेडिक्टनेच सांगून ठेवले आहे की पीक काढायची वेळ स्वतःवरच आली तर खिन्न होऊ नका, हातांनी कमावून जगता तेव्हाच तुम्ही खरे साधू. (याच मठाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या 'टॉनिक वाइन'ने स्कॉटलंडमध्ये तरुणांच्या दारूबाजीवरून बराच वाद ओढवून घेतला, हेही नोंदवायला हवे. मठाच्या कुंपणाबाहेर गेलेल्या सुखाला मठाची घंटा ऐकू येत नाही.)

इथे एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. साधूचे साधे सुख हे सुरक्षित माणसाचे सुख आहे. डोक्यावर छप्पर आहे, जेवण ठरलेले आहे, म्हातारपणी सेवा करणारे बंधू आहेत, मुलीच्या लग्नाची चिंता नाही. अशा माणसाने ताज्या शेंगांत आनंद मानला तर त्यात विशेष ते काय? शेतमजुराच्या ताटातही एकच पदार्थ असतो, त्याला कोणी साधेपणाचे सुख म्हणत नाही. हे खरे आहे, आणि साधेपणाचे गोडवे गाणाऱ्या आपल्यासारख्या पोट भरलेल्यांनी ते रोज आठवावे. बेनेडिक्टच्या बाजूने इतकेच म्हणता येते की त्याच्या मठात ती सुरक्षितता कोणा एकाची नव्हती. ज्याची गरज कमी त्याने देवाचे आभार मानावेत, ज्याची जास्त त्याने नम्र व्हावे आणि आपल्या वाट्याने फुगू नये, हे चौतिसावे प्रकरण. सारखे वाटप त्याला नको होते, गरजेप्रमाणे हवे होते. तेवढ्याने आक्षेप मिटत नाही, पण बोथट होतो.

याच आक्षेपाचे भारतीय रूप आंरी ल सो या फ्रेंच साधूला छळत राहिले. १९२९ मध्ये तो ब्रिटनीतल्या केर्गोनाँ या बेनेडिक्टाइन मठात गेला आणि १९४८ मध्ये भारतात आला. १९५० मध्ये त्याने आणि फादर मोंशानँ यांनी तमिळनाडूत कुळित्तलैजवळ कावेरीच्या काठी आमराईत 'सच्चिदानंद आश्रम' काढला, तेच शांतिवन. तो 'अभिषिक्तानंद' झाला, काषाय वस्त्रे आली, शाकाहार आला, चटईवरची झोप आली. ज्या देशात संन्यासी म्हणजे काय हे रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक आहे, तिथे युरोपातल्या मठाचे दोन शिजवलेले पदार्थ आणि भिंतीआडची दुपार यांची प्रतिष्ठा काय राहणार, हे त्याने ओळखले होते. पुढे तो अरुणाचलाच्या गुहांत राहिला, हिमालयात उत्तरकाशीला झोपडी बांधून राहिला. १९६८ मध्ये शांतिवन बीड ग्रिफिथ्स या इंग्रज बेनेडिक्टाइनकडे आले आणि १९९३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ते सांभाळले. झोपड्या, जमिनीवर बसून हाताने जेवण, आणि दिवसातून तीनदा प्रार्थनेची घंटा.

जुलै १९७३ मध्ये ऋषिकेशला रस्त्यात अभिषिक्तानंदांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारासाठी त्यांना इंदूरला आणण्यात आले आणि तिथल्याच शुश्रूषागृहात ७ डिसेंबर १९७३ रोजी ते वारले. इंदूरच्या किती मराठी वाचकांना हे माहीत असेल? त्या शेवटच्या महिन्यांतली त्यांची पत्रे विलक्षण प्रसन्न आहेत. अंग मोडलेले, फिरणे बंद, गुहा दूर राहिली, आणि हा माणूस त्या झटक्याला एक अद्भुत साहस म्हणतो. आयुष्यभर कठोर संन्यास शोधणाऱ्याला अखेरीला जे मिळाले ते दुसऱ्यांनी भरवलेले पथ्याचे जेवण आणि दुसऱ्यांनी घातलेला बिछाना. बेनेडिक्टने आजाऱ्यांसाठी ठरवले होते तेच.

बेनेडिक्टची कसोटी, ती घंटेची, सगळीकडे लागू पडते असे मात्र म्हणवत नाही. कारण त्याच्या स्वतःच्या आयुष्यात एक रात्र अशी आली की घंटा हरली. ही कथा थोर ग्रेगरी या पोपने सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली आहे. बेनेडिक्टची बहीण स्कोलास्तिका. तिनेही लहानपणापासून देवाला वाहून घेतले होते. बहीणभाऊ वर्षातून एकदा, मठापासून थोड्या अंतरावरच्या एका घरात भेटत. त्या वर्षी दिवसभर बोलणे झाले, अंधार पडला, जेवण झाले, तरी बोलणे संपेना. बहीण म्हणाली, आज रात्री जाऊ नकोस, सकाळपर्यंत बोलू. भावाने नियमावर बोट ठेवले: रात्री मठाबाहेर राहणे शक्य नाही. तिने काही वाद घातला नाही. मेजावर हात जुळवले, त्यावर डोके टेकवले आणि प्रार्थना केली. आकाशात तोवर ढगाचा ठिपकाही नव्हता. तिने डोके वर उचलले तेव्हा विजा कडाडू लागल्या आणि असा पाऊस लागला की उंबरठ्याबाहेर पाऊल टाकता येईना.

बेनेडिक्ट चिडला. बहिणीला त्याने विचारले, हे काय करून बसलीस? तिने सांगितले, तुला विनवले, तू ऐकले नाहीस. देवाला विनवले, त्याने ऐकले. आता जायचे तर जा. ग्रेगरीचा निवाडा असा की त्या रात्री तिचे बळ जास्त ठरले, कारण तिचे प्रेम जास्त होते. नियम लिहिणाऱ्याला रात्रभर बसून बोलावे लागले. पहाटे पाऊस थांबला, दोघे आपापल्या मठांकडे गेले. तीन दिवसांनी ती गेली. त्याने माणसे पाठवून तिचा देह आणवला आणि स्वतःसाठी तयार करून ठेवलेल्या थडग्यात तिला ठेवले. पुढे त्यालाही तिथेच ठेवण्यात आले.